चाऱ्याचा दगड

१

उकंडा भोयाला पाण्याशी बोलायची खोड होती, असं गावात म्हणत. साफ खोटं आहे ते. तो पाण्याशी बोलत नसे, पाण्यातल्यांशी बोलत असे, आणि तेही कामापुरतं. "या बाप्पा या, फुकटचं हाये," एवढंच.

दर्यापूरच्या खालच्या अंगाला पूर्णा जिथं वळण घेते तिथं एक डोह होता. भर उन्हाळ्यातही त्याचा तळ कोणी पाहिला नव्हता. काठाशी एक सपाट दगड, आणि त्याच्या पुढं पाण्यात शिरत गेलेली दगडांची ओळ. कधीकाळी कोणी घाट बांधला, पुरानं नेला, पायऱ्या तेवढ्या उरल्या. दिवस कासराभर वर आला की उकंडा त्या सपाट दगडावर एक पाय दुमडून बसे आणि तेल्याकडची ढेप, म्हणजे पेंड, ज्वारीच्या पिठात मळून केलेल्या गोळ्या पाण्यात सोडी. जाळं नाही, गळ नाही. नुसता पाहुणचार.

"उकंड्या, मासे धरतं का पोसतं बे?" लोक हसायचे.

हसेनात का! मोठा रोहू धरायची रीतच ती. रोज त्याच वेळी, त्याच जागी चारा द्यायचा. मग गोळी रोज हातभर अलीकडे टाकायची. खोलातला मासा तिच्यामागं उथळात येतो. आधी लांबून फिरतो, थांबतो, विचार करतो, मग तोंड लावतो. ज्या दिवशी तो न थांबता सरळ येऊन गोळी गिळतो, त्या दिवशी गोळीत गळ. आणि गळ लागला तरी ओढाताण करायची नाही. ढील द्यायची. पळू दे लेकाला, वाटू दे त्याला की सुटलो. दमला की येतो काठाला.

त्याचा बाप सांगायचा, "लहान मासा भुकेनं मरते. म्हातारा रोहू भुकेनं नाई मरत, पाहायले येते म्हून मरते." चौकसपणा वाईट, एवढाच बापाला सांगायचा अर्थ. उकंड्यानं तो माशांपुरता लक्षात ठेवला. स्वतः तो गावातला सगळ्यात चौकस माणूस. कोणाची गाडी कुठं निघाली, कोणाची म्हैस का हंबरली, सगळ्याची याला पंचाईत.

दिवस तसे मजेचे होते. सातासमुद्रापार गोऱ्यांच्या कुठल्याशा मुलखात भाऊबंदकीची लढाई पेटली होती, म्हणून म्हणे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. पल्याडच्या गावच्या एका पाटलानं तर बैलगाडीच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीची धाव चढवली. घरोघर जेवणावळी उठत होत्या आणि ज्याला त्याला ताटात मोठाच मासा पाहिजे होता. उकंड्याच्या धंद्याला बरकत होती. पण त्याचा जीव धंद्यात नव्हता, घरात होता.

उकंड्याच्या आधीची भावंडं जगली नव्हती. म्हणून तो जन्मला तसा त्याला उकिरड्यावर टाकला आणि शेजारणीनं उचलून आणला. टाकून दिलेल्या पोराला मरण कशाला हात लावील! तेव्हापासून नाव उकंडा. तो जगला खरा, पण ते नशीब त्याच्यापाशीच संपलं. त्याच्या बायकोची, जमुनेची, दोन बाळंतपणं झाली आणि दोन्ही लेकरं रडलीच नाहीत. आता तिसऱ्यांदा सातवा महिना लागला होता आणि जमुनेच्या पोटात पेजसुद्धा ठरत नव्हती.

सुईण पार्बताबाई तोंडाची फटकळ. तिनं पोट चाचपलं आणि अंगणात येऊन सांगून टाकलं, "बापू, माय जेवन नाई तर लेकरू काय वारा खाईन? असंच चाललं तर हेबी जाईन. अन् कदाचित तिलेबी संगं घेऊन जाईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी उकंडा डोहावर गेला, तर त्याच्या बसायच्या दगडावर एक मरळ पडली होती.

२

मासा कधी उडी मारून काठावर पडतो, नाही असं नाही. पण ही मरळ पडली नव्हती, ठेवलेली होती. खाली ओल्या शेवाळाची मऊ गादी. डोकं गावाकडं. अंगावर जाळ्याचा वळ नाही, तोंडाला गळाची जखम नाही. कल्ले अजून उघडझाप करत होते.

"वा रे वा! हे कोन माह्यासाठी ताट वाढून ठेवलं?" उकंडा मोठ्यानं म्हणाला. डोहात खोलवर डुबुक असा आवाज झाला. त्यात नवल नव्हतं, डोह तसा आवाज करायचाच.

घरी आणून जमुनेनं ती मिरचीच्या रश्शात शिजवली. पहिला घास घेताना उकंडा कोपऱ्यातलं मडकं तयार ठेवून बसला होता. मडकं लागलं नाही. जमुनेनं दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, भाकरी मागून घेतली. मग ताट चाटलं आणि लाजून म्हणाली, "अजून हाये का वो?"

उकंड्याला रडू आलं. बाहेर जाऊन त्यानं तोंड धुतलं.

दुसऱ्या दिवशी दगडावर वाम होती. तीही ठरली. तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतः जाळं टाकून तशीच मरळ काढली, म्हटलं एवढीच आवड असेल तर रोज धरू. जमुनेनं ती तोंडाजवळ नेली आणि भडाभडा ओकली. मडकं आणायलाही सवड मिळाली नाही.

"हे ते न्हवे," ती तोंड पुसत म्हणाली.

"अवं, एकाच डोहातली हाये!"

"असन. पन हे ते न्हवे."

३

उकंड्याचा संशय उस्मानवर. उस्मान पिंजारी त्याचा शेजारी आणि बालमित्र. दिवसभर घराच्या ओट्यावर बसून कापूस पिंजायचा. त्याच्या पिंजणीच्या तातीचा टँव टँव आवाज साऱ्या आळीला ऐकू यायचा. मस्करी करायची तर असली मस्करी तोच करील.

"मी?" उस्मान कानाला हात लावून म्हणाला. "अबे, मले पोहताबी येत नाई. अन् मरळ सापडली तर तुह्यासाठी ठेवीन का मी? खुदा की कसम, घरी नेऊन खाईन!"

हे बोलणं उस्मानला शोभेसं होतं, म्हणून पटलं. मग दोघांनी मिळून अक्कल चालवली. संध्याकाळी दगडाच्या भोवतीनं चुलीतली राख पसरली. माणूस असो, ऊदमांजर असो, पाऊल उमटणारच.

सकाळी राख जशीच्या तशी. मासा मात्र होता. पण आज काठाच्या दगडावर नव्हता, त्याच्या पुढच्या दगडावर होता, पाण्यातल्या.

"राख पाहून बिचकलं," उस्मान हळूच म्हणाला.

"कोन?"

"थे मले काय ठाऊक! तूच म्हनतं ना कोनतरी हाये म्हून."

उकंडा धोतर खोचून एक पाऊल पाण्यात उतरला आणि मासा घेऊन आला. घोटाभर पाणी, त्यात काय? पुढं चार दिवसांनी मासा त्याच्याही पुढच्या दगडावर होता. मग त्याच्या पुढच्या. उन्हाळा लागतोय, पाणी मागं सरकतंय, म्हणून मासेही मागं सरकतात, असं उकंड्यानं स्वतःला समजावलं. कारण बरं होतं. फक्त पाणी मागं सरकत असताना त्याचं धोतर मात्र रोज आदल्या दिवसापेक्षा वर भिजत होतं.

जमुना भरली. गालावर तेज आलं. पार्बताबाईनं पोटाला कान लावला आणि तिच्या फटकळ तोंडातून चक्क "वा वं माही बाई" निघालं. पोर पोटात लाथा मारत होतं. आता सांगा, एवढं झाल्यावर कुठला बाप धोतर किती भिजलं ते पाहील?

४

एक दिवस उकंडा मासा घेऊन परतला आणि काठावर येऊन उभाच राहिला. उस्मान सोबत होता.

"काय झालं बे?"

"उस्मान, मी आज थांबलो का?"

"कुठं?"

"पान्यात शिरायच्या आंदी. पयल्या दिवशी मी त्या मरळीकडं किती येळ पायलं होतं! इकडं पाय, तिकडं पाय. दुसऱ्या दगडावर जातानीबी थांबलो होतो. आज थांबलो का?"

उस्मान आठवू लागला. "नाई. आला अन् सरळ गेला."

उकंडा हसायला लागला. असा हसला की उस्मानही कारण न समजता हसला. "लेका, आपला कोनी उस्ताद बसला हाये तिथं! रोज एकच येळ, एकच जागा. मग हातभर पुढं. मी काय करतो रोज? हेच करतो ना?"

उस्मानचं हसणं थांबलं. "म्हंजे तू..."

"म्हंजे मी रोहू!" उकंडा मांडीवर थाप मारून म्हणाला.

त्याला भीती वाटायला हवी होती. खरं सांगायचं तर वाटली नाही. सुताराला दुसऱ्याच्या हातची चौकट दिसली की तो तिच्यावरून बोट फिरवून पाहतो, तसं त्याचं झालं. कोण असेल एवढा? शेवाळाची गादी काय, डोकं गावाकडं काय! जन्मभर हा धंदा करून उकंड्याला कधी आपली गोळी अशी सजवायचं सुचलं नव्हतं. त्याला फक्त एकदा, काठावरूनच, पाहायचं होतं.

"पाहू नको," उस्मान म्हणाला. "बाप काय सांगे तुहा?"

"थे माशाचं हाये."

"अन् आत्ता काय म्हनला तू स्वतःले?"

५

दुसऱ्या दिवशी उकंडा डोहावर गेला नाही. उस्मानच्या ओट्यावर कापसात बसून राहिला. संध्याकाळी घरी आला तर जमुना भिंतीला टेकून बसलेली, ओठ पांढरे, समोर मडकं. भाकरी ठरली नाही, दूध ठरलं नाही.

"तुमी कावून नाई गेले?" तिनं विचारलं. रागानं नव्हे. पण विचारताना तिचं तोंड डोहाच्या दिशेला होतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी पार्बताबाईला पोट गार लागलं. बाई काही बोलली नाही. पार्बताबाई बोलत नाही म्हणजे काय, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं.

मग उकंड्यानं युक्ती काढली. लांब वेळू घेतला, टोकाला गळ बांधला. पाण्यात पाय न घालता मासा काठावरून ओढून घ्यायचा. चाराही खाऊ अन् सापडणारही नाही, असे हुशार मासे त्यानं पाहिले होते. फार नव्हते, पण होते.

त्या दिवशी दगडावर रोहू होता. असा रोहू उकंड्यानं उभ्या जन्मात पाहिला नव्हता. तांबूस खवले, लहान पोराच्या उंचीचा. काठावर बसून त्यानं वेळू पुढं केला, गळ कल्ल्यात अडकवला आणि ओढला. रोहू दगडावरून घसरला, पाण्यात आला, काठाकडं येऊ लागला. सहज येत होता. मग अर्ध्यावर अडला.

उकंड्याला वाटलं, दगडात अडकला. त्यानं जोर लावला. वेळू वाकला आणि त्याच्या मुठीत उस्मानच्या तातीसारखा झणझणला. पलीकडं, माशाच्या पलीकडं, काहीतरी ताणलेलं होतं. पाणी स्वच्छ होतं. दोरी दिसत नव्हती, काहीच दिसत नव्हतं.

आणि मग तो ताण सैल झाला. तुटला नाही. हळूच, मापानं, थोडासा सोडला गेला. मासा हातभर अलीकडं आला आणि पुन्हा अडला.

हा हात उकंड्याच्या ओळखीचा होता. आजवर तो त्यानं दुसऱ्या बाजूनं अनुभवला होता, एवढंच. त्याच्या अंगावर पहिल्यांदा काटा आला. मुठी आपोआप सुटल्या. वेळू पाण्यात पडला, आडवा तरंगला आणि सावकाश, कुठलीही घाई न करता, डोहाच्या मध्याकडं गेला.

६

"अमरावतीले चाल," उस्मान म्हणाला. "माहा साळा तिथं रुईच्या बखारीत हाये. हमाली भेटन. उद्या दिवस निघाला की माही गाडी जुपतो. आमी दोघंबी येतो संगं."

उकंड्यानं जाळी माळ्यावर टाकली, भांडी बांधली. जमुनेला त्यानं सगळं सांगितलं. ती ऐकत होती, मान हलवत होती. "बरं," म्हणाली. "पोरासाठी म्हनसान तर कुठंबी येतो."

सकाळी गाडी दारात आली. उस्मानची बायको रईसा गाठोडं मांडीवर घेऊन आधीच बसली होती. उकंडा जमुनेला हाक मारायला आत गेला. घर रिकामं होतं. मागचं दार उघडं होतं.

तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला. इतके दिवस तो स्वतःलाच रोहू समजत होता. त्यानं नुसता चारा उचलला होता. खाल्ला होता तो जमुनेनं.

तो धावला. "जमुने!" म्हणून ओरडत, काट्याकुट्यातून, अनवाणी. उस्मान मागं धावत होता.

जमुना सगळ्यात शेवटच्या दगडावर उभी होती. त्यापुढं नुसता डोह. कमरेपर्यंत पाणी, लुगडं भोवती तरंगतंय, दोन्ही हात बेंबीखाली धरलेले. ती वाकून पाण्यात पाहत होती. चेहऱ्यावर भय नव्हतं. दारावर नंदीबैलवाला आला की पोरं बघतात, तसं तोंड होतं.

"जमुने, मांगं फिर!"

"थांबा ना वो," ती म्हणाली. "पाहून राह्यली मी."

"काय?"

"थोबी पाहून राह्यला."

उकंडा दगडांवरून उड्या टाकत गेला, तिला मागून कवेत घेतलं आणि ओढलं. ती हलेना. अंगानं केवढीशी बाई, पण जागची तसूभर सरकेना. "पोटात ओढते," ती कण्हली. आणि उकंड्यानं, पाहायचं नाही असं शंभरदा ठरवलेलं असताना, तिच्या खांद्यावरून खाली पाहिलं.

खाली, हिरव्या पाण्यात, एक सपाट दगड होता. त्या दगडावर कोणीतरी बसलं होतं, एक पाय दुमडून.

आपलीच सावली, असं त्याच्या मनानं चटकन सांगितलं. पाण्यात दुसरं कोण दिसणार? पण उकंडा उभा होता. दोघंही उभे होते. आणि जे बसलं होतं त्याचं तोंड वर होतं, जाड ओठ हळू उघडत-मिटत होते, आणि ते मोठ्या उत्सुकतेनं, अगदी उकंड्यासारखी मान वाकडी करून, वर पाहत होतं. मग त्याचा हात थोडा पुढं सरकला.

जमुना एकदम हलकी झाली. दोघं मागच्या दगडावर आदळले. उस्मान, ज्याला पोहता येत नव्हतं, गळ्यापर्यंत पाण्यात आला होता. त्यानं दोघांना धरून काठावर आणलं.

"सुटली!" उकंडा रडत, हसत म्हणत होता. "सोडवली मी तिले! उस्मान, सोडवली रे!"

उस्मान "अल्ला, अल्ला" एवढंच करत होता.

७

अमरावतीला पोचल्यावर महिन्याच्या आत जमुना बाळंत झाली. मुलगी. आणि रडली! अशी रडली की बखारीतले हमाल ऐकायला आले. उकंड्यानं रीत पाळली. पोरीला उकिरड्यावर ठेवलं, रईसानं उचलून आणली. दाई म्हणाली, नाळ काही केल्या लवकर तुटेना. बाकी सगळं छान. नाव ठेवलं वच्छला.

तिकडची लढाई संपली, कापसाचा भाव दाणकन आपटला, चाकांवरच्या चांदीच्या धावा उतरल्या. उकंड्याला त्याचं सुखदुःख नव्हतं. तो गठ्ठे उचलायचा, संध्याकाळी पोरीला खांद्यावर घेऊन फिरायचा. मासा घरात शिजत नव्हता. जमुना आता काहीही खायची आणि सगळं पचायचं. डोहाचं नाव काढलं तर तिला धड आठवतही नसे.

वच्छला गुणी पोर. फक्त निजवावी तशी निजायची नाही. डोकं कुठंही करा, सकाळी ते मावळतीकडं असायचं, दर्यापूरच्या अंगाला. रांगायला लागली ती मावळतीच्या भिंतीपर्यंत. चालायला लागली ती उंबऱ्यापर्यंत. मग अंगणापर्यंत जायची आणि परत यायची. मग गल्लीच्या तोंडच्या लिंबापर्यंत. "बापासारखी चौकस हाये," रईसा म्हणायची, आणि उकंड्याला त्याचं कौतुक वाटायचं.

एका दुपारी पोर सापडेना. उकंड्यानं बखार पाहिली, विहीर पाहिली आणि परकोटाच्या दरवाज्याबाहेर आला. दर्यापूरच्या रस्त्यावर, भर उन्हात, वच्छला उभी होती. दोन्ही हात बेंबीवर.

"काय करून राह्यली वं माय इथं?" तो तिला उचलायला गेला. उचलवेना. रोज खांद्यावर बसणारी पोर, आणि रुईचे गठ्ठे उचलणारा बाप! त्यानं दात खाऊन पुन्हा जोर लावला, आणि ती एकदम हलकी होऊन त्याच्या छातीवर आली.

तुटल्यासारखी नाही. हळूच, मापानं.

उकंडा तिला घेऊन रस्त्यातच बसला. मासा त्यानं उचलला होता, जमुनेनं खाल्ला होता. पण पोसलं कोण गेलं, हे त्यानं कधी स्वतःला विचारलंच नव्हतं. इतकी वर्षं तो जिला सुटका म्हणत होता, तिला त्याच्याच धंद्यात वेगळं नाव होतं. ढील.

"दुखते का वं?" त्यानं कसंबसं विचारलं.

वच्छलानं नाही म्हणून मान हलवली. बापाच्या डोळ्यांत पाणी का आलं, हे तिला समजेना. तिनं आपल्या परकराच्या टोकानं ते पुसलं आणि मग त्याच्या खांद्यावरून, मान जराशी वाकडी करून, मावळतीच्या रस्त्याकडं पाहू लागली.

"बा, मले पाहायचं हाये."

"काय?"

"कोन ओढते थे."